कार-टी ‘शेवटची’ म्हणून राखून ठेवू नका

प्रश्न थोडक्यात असा. कणकवलीकडच्या एका मामांनी विचारलंय. भाचा १९ वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर, बी-सेल प्रकारचा ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. पहिली ट्रीटमेंट पूर्ण झाली, पोरगा कॉलेजला जायला लागला, आणि या मे महिन्यात आजार उलटला. डॉक्टर म्हणतात पुन्हा केमो, मग बोन मॅरो ट्रान्सप्लांट. नात्यातल्या कुणीतरी सल्ला दिलाय की ‘ती कार-टी का काय ती शेवटची ठेवा, आधी बाकीचं सगळं करून बघा’. हे बरोबर का? लॅबमध्ये त्या पेशींचं करतात तरी काय? पोरगा बरा होणार का? पैसे कुठून उभे करायचे? आणि गणपतीला घरी येता येईल का?

मामा, तुम्ही सहीच तशी केलीत म्हणून मीही मामाच म्हणते. मी वेंगुर्ल्याची. बरीच वर्षं मुंबईत रक्ताच्या कॅन्सरवरच्या पेशी-उपचारांवर काम करतेय, थोडं वॉर्डात, जास्त लॅबमध्ये. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात दिवस वाया जाऊ शकतात. कार-टी शेवटची ठेवायची नसते. द्यायची की नाही हे सगळे रिपोर्ट बघून ठरेल, कदाचित ‘नको’ असंही ठरेल. पण विचारायची आत्ता, पुढची केमो चढायच्या आधी.

केमोची बाटली कारखान्यातून येते. ती आज घेतली काय आणि दिवाळीनंतर घेतली काय, आतलं औषध तेच. कार-टीचा कच्चा माल मात्र पेशंट स्वतः. त्याच्या रक्तातल्या टी-पेशी काढून त्यांचंच औषध करतात. त्या पेशी आज जशा आहेत तशा सहा महिन्यांच्या जबर केमोनंतर राहत नाहीत. सगळं हरल्यावर जेव्हा लोक आमच्याकडे येतात तेव्हा आजार वाढलेला असतो ते एक, पण औषध ज्यातून करायचं त्या पेशीही थकलेल्या असतात, याचा विचार कुणी केलेला नसतो.

आता लॅबमध्ये काय होतं ते सांगते. टी-पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. व्हायरस शिरलेली पेशी त्या ओळखतात आणि मारतात. भाच्याचा कॅन्सर बी-पेशींपासून झालेला आहे, म्हणजे आपल्याच घरातल्या पेशी बिघडल्यात, आणि टी-पेशींना त्या शत्रू वाटत नाहीत. बी-पेशींच्या अंगावर सीडी१९ नावाचं एक प्रथिन असतं. ते ओळखणारा नवा रिसेप्टर टी-पेशीवर बसवायचा, एवढीच मूळ कल्पना. बाहेरचं टोक अँटिबॉडीचं, सीडी१९ला पकडणारं. आतलं टोक टी-पेशीला ‘मार’ असा हुकूम देणारं. दोन वेगळ्या जातींचे तुकडे एकत्र जोडले म्हणून त्याला कायमेरिक म्हणतात, कार-टीतलं ‘कार’ ते हेच. इस्रायलच्या झेलिग एशहार यांच्या गटाने १९८९ मध्ये असा रिसेप्टर करून दाखवला. पण त्या पहिल्या पेशी अंगात टिकायच्या नाहीत. शत्रू दिसला, मारला आणि दमल्या. मिशेल सादलेन, दारिओ कंपाना, कार्ल जून अशा लोकांच्या प्रयोगशाळांनी आतल्या टोकाला दुसरा एक सिग्नल जोडला, तेव्हा कुठे या पेशी अंगात वाढायला आणि टिकायला लागल्या. यात वीसेक वर्षं गेली. ‘अचानक लागलेला शोध’ वगैरे मथळे वाचले की मला हसू येतं.

सीडी१९ हे निशाण सापडणं हा नशिबाचाही भाग. ते निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे कार-टी कॅन्सरबरोबर चांगल्या बी-पेशीही साफ करते. पण बी-पेशींशिवाय माणूस जगू शकतो. त्या ज्या अँटिबॉडी बनवतात त्या सलाइनमधून देता येतात. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियात हे जमत नाही, कारण त्या कॅन्सरच्या पेशींवर जी निशाणं असतात तीच मज्जेतल्या मूळ पेशींवरही असतात, आणि त्या मारल्या तर रक्तच बनायचं थांबेल. म्हणून ‘ब्लड कॅन्सर’ या एका नावाखाली सगळ्यांना ही ट्रीटमेंट लागू नाही. भाच्याच्या आजाराला आहे, काही लिम्फोमांना आहे, मायलोमाला वेगळ्या निशाणाची आहे. शेजारच्या कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, यावरून वाद घालत बसू नका.

पेशी काढायला शस्त्रक्रिया लागत नाही. दोन नळ्या लावतात. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, मशीन पांढऱ्या पेशी बाजूला काढतं, उरलेलं रक्त दुसऱ्या नळीने परत अंगात. तीन ते पाच तास लागतात. ओठाला मुंग्या येतात, कारण रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध कॅल्शियम खेचतं. त्यावर कॅल्शियम देतात. हातात येते ती एक फिकट लालसर पिशवी. ती लॅबच्या दारात आली की दोघं जण लेबल मोठ्याने वाचतात, एक वाचतो आणि दुसरा कागदाशी ताडतो. आपल्याकडे एकाच आठवड्यात दोन सावंत येऊ शकतात, दोघांचं पहिलं नावही सारखं असू शकतं. म्हणून नावावर कुणी विसंबत नाही, कोड चालतो. चुकीच्या माणसाच्या पेशी दुसऱ्याला गेल्या तर काय होईल याची कल्पनाही करवत नाही.

पुढे टी-पेशी वेगळ्या काढून त्यांना जागं करतात आणि व्हायरसच्या मदतीने नवा जीन आत सोडतात. हा व्हायरस एचआयव्हीच्या कुळातला आहे हे ऐकून नातेवाईक दचकतात. घाबरू नका, त्याची वाढण्याची यंत्रणा काढून टाकलेली असते, तो फक्त जीनची पोच करतो. नंतर आठ-दहा दिवस पेशी वाढू द्यायच्या. माझं संशोधन या दिवसांवरच आहे: कुणाच्या पेशी जोमाने वाढतात, कुणाच्या नाहीत, आणि का.

संशोधनाच्या टेबलावर आम्ही जे द्रावण वापरतो ते सुरुवातीला गुलाबी-लाल असतं. पेशी त्यातली साखर खातात, आम्ल सोडतात, तसतसा रंग नारिंगी आणि मग पिवळा होत जातो. फारशी केमो न झालेल्या माणसाच्या पेशी असल्या तर चौथ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडताच पिवळेपणा नजरेत भरतो आणि मायक्रोस्कोपखाली पेशींचे द्राक्षासारखे घोस दिसतात. केमोच्या फेऱ्यांमागून फेऱ्या झालेल्या पेशंटचं द्रावण चौथ्या दिवशीही गुलाबीच असतं. एक थेंब काढून निळा रंग घालून बघायचं: मेलेली पेशी निळी होते, जिवंत चकचकीत राहते. काही वेळा निम्मं क्षेत्र निळं दिसतं. अशी पिशवी पेशंटला देता येत नाही.

भातशेती केलेल्या माणसाला हे पटकन कळेल. तरवा पिवळा पडलेला असेल तर चिखल कितीही छान करा, लावणी धरत नाही.

ही नुसती माझ्या टेबलावरची निरीक्षणं नव्हेत. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की केमोच्या प्रत्येक फेरीमागे मुलांच्या रक्तातल्या ताज्या, कोवळ्या टी-पेशी कमी होत जातात, आणि कार-टी चांगली होते ती याच पेशींतून. त्याआधी २०१८ मध्ये दुसऱ्या एका ल्युकेमियातही हेच दिसलं होतं: ज्यांना गुण आला त्यांच्या पिशवीत अशा सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशी जास्त होत्या.

याच संदर्भात एक आकडा ध्यानात ठेवा. मुलं आणि २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांवर जी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली आणि जिच्यावरून अमेरिकेत ऑगस्ट २०१७ मध्ये पहिल्या कार-टीला परवानगी मिळाली, तिचा ८१ टक्क्यांचा आकडा सगळे सांगतात. तीन महिन्यांत ८१ टक्के रुग्णांचा आजार दिसेनासा झाला, हे खरं आहे. पण ते टक्के ज्यांना पेशी चढवल्या त्या ७५ जणांचे. चाचणीत नाव नोंदवलं होतं ९२ जणांनी. सतरा जण पेशी मिळायच्या आधीच गळाले: काहींच्या पेशी लॅबमध्ये बनल्या नाहीत, काही वाट बघता बघता गेले, काहींना इतर गुंतागुंत झाली. ‘शेवटची ठेवू’ म्हणणारे बहुतेक जण या सतरांच्या रांगेत जाऊन उभे राहतात.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: पुढच्या केमोच्या आधी याच्या टी-पेशी काढून गोठवून ठेवता येतील का? सगळीकडे ही सोय नसते, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. केमो थांबवा असं मी म्हणत नाहीये, तसा अर्थ काढू नका. उलटलेला ल्युकेमिया मोकळा सोडला तर कार-टीपर्यंत पोचणारच नाही, आणि पोचलाच तर अंगात कॅन्सर जितका जास्त तितकी पेशी चढवल्यानंतरची रिॲक्शन जबर. केमो लागेलच. कोणती, किती आणि पेशी काढण्याच्या आधी की नंतर, हे तुमच्या आणि कार-टी केंद्राच्या डॉक्टरांनी फोनवर बोलून ठरवायचं असतं. तो फोन होतोय ना, एवढं तुम्ही बघा.

एक गोष्ट मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. आपल्याकडे ताप आला, अंग दुखलं की दवाखान्यात डेक्साचं इंजेक्शन टोचतात. दोन तासांत बरं वाटतं, डॉक्टरचं नाव होतं. डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड टी-पेशींना मारतं. पेशी काढायच्या आधीच्या दिवसांत ते अंगात गेलं तर पिशवी रिकामी निघू शकते. त्याच्या ल्युकेमियाच्या ट्रीटमेंटमध्येही स्टेरॉइड असतंच, ते कधी बंद करायचं हे कॅन्सरचे डॉक्टर ठरवतील. गावच्या दवाखान्यात मात्र फाइल दाखवल्याशिवाय एकही इंजेक्शन नको. कितीही ओळखीचे डॉक्टर असले तरी.

आता आपल्याकडची परिस्थिती. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या लॅबमध्ये भारतीय कार-टी तयार झाली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तिच्या चाचण्या केल्या, आणि जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच केंद्रात, पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. खारघर म्हणजे पनवेल तालुका, रायगड जिल्हा, कागदोपत्री कोकणच. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, नाव नेक्सकार१९. पंधरा वर्षांवरच्या, आजार उलटलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या बी-सेल ल्युकेमिया आणि लिम्फोमाच्या रुग्णांसाठी ती आहे. म्हणजे भाचा वयात आणि आजारात दोन्हीत बसतो. बेंगळुरूच्या इम्युनीलची कार्टेमी २०२५ मध्ये आली, पण ती मोठ्यांच्या लिम्फोमासाठी. त्याच्या कामाची नाही.

भारतीय चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले: ६४ रुग्ण, आणि ज्यांचं मूल्यमापन करता आलं त्यांच्यात साधारण ७३ टक्क्यांना गुण आला. मेंदूवरचे दुष्परिणाम परदेशी औषधांपेक्षा कमी दिसले. मला यातली सगळ्यात आवडलेली बाब म्हणजे व्हायरस इथेच बनवला. कार-टीच्या खर्चात व्हायरसचा वाटा फार मोठा असतो. तो विकत आणला असता तर किंमत उतरली नसती.

पेशी तयार झाल्या की तपासण्या होतात, पिशवी अतिथंड गोठवतात. भाच्याला तीन दिवस हलकी केमो, कॅन्सरसाठी नव्हे, तर नव्या पेशींना अंगात जागा व्हावी म्हणून. मग पेशी चढवतात. इथे बहुतेक कुटुंबांचा विरस होतो. एवढ्या दिवसांची वाट, एवढा पैसा, आणि प्रत्यक्षात एक छोटी पिशवी अर्ध्या तासाच्या आत संपते. गोठवताना घातलेल्या रसायनामुळे पेशंटच्या श्वासाला दिवसभर लसणीसारखा वास येतो. आई विचारते, ह्येका लसूण कोणी दिलान?

खरी परीक्षा पुढचे दोन आठवडे. पेशी कॅन्सर मारायला लागल्या की अंगात रसायनांचा लोंढा सुटतो. ताप चढतो, बीपी पडतं, ऑक्सिजन लागू शकतो. याला सायटोकाइन रिलीज सिंड्रोम म्हणतात. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड नावाच्या मुलीला, लहान मुलांत पहिल्यांदाच, ही ट्रीटमेंट दिली तेव्हा ती यातच जवळजवळ गेली होती. रक्तात आयएल-६ नावाचं यातलंच एक रसायन प्रचंड वाढलेलं दिसलं, आणि संधिवातासाठीचं टोसिलिझुमॅब दिल्यावर ती सावरली. कार्ल जून यांना ते औषध ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. एमिलीचा कॅन्सर परत आला नाही. आता ते औषध वॉर्डात हाताशी ठेवूनच पेशी चढवतात. ताप आला म्हणून हातपाय गाळू नका. आला नाही म्हणून ‘पेशी चालत नाहीत वाटतं’ असंही म्हणू नका.

दुसरा धोका मेंदूचा: गोंधळणं, बोलताना अडखळणं, क्वचित फिट. हे लवकर ओळखण्यासाठी रोज दोन-तीनदा दहा मार्कांची छोटी परीक्षा घेतात. साल कोणतं, महिना कोणता, शहर, हॉस्पिटल. तीन वस्तूंची नावं. सांगितलेली एक कृती. शंभरपासून दहा-दहा कमी करत उलटे आकडे. आणि एक वाक्य लिहायचं. वाक्य पहिल्या दिवशी पेशंटने निवडायचं आणि रोज तेच लिहायचं, म्हणजे अक्षर ताडून बघता येतं. मालवणकडच्या एका पोराने लिहिलं होतं, ‘माका घरची पेज व्हयी’. त्या वहीचं पान अजून डोळ्यापुढे आहे. पहिले तीन दिवस ओळ सरळ. चौथ्या दिवशी सकाळी ‘पेज’ची मात्रा गायब, संध्याकाळी ओळ खाली उतरलेली आणि ‘व्हयी’ दोनदा. बोलत होता तो अगदी व्यवस्थित, नर्सशी थट्टा करत होता. अक्षराने आधी सांगितलं. स्टेरॉइड दिलं, दोन दिवसांनी ओळ पुन्हा सरळ झाली. (हो, तेच स्टेरॉइड. इथे ते लागलं तर द्यावंच लागतं, पण कधी आणि किती ते टीम ठरवते.)

यातली एक अडचण बाहेर फारशी कुणी बोलत नाही. ही परीक्षा वॉर्डात बहुतेक वेळा हिंदीत घेतली जाते. आपल्या गावाकडच्या बाईला ‘नब्बे, अस्सी’ येत नसेल तर तिचे मार्क जातात, आणि उगाच धावपळ होते. उलटही होतं: तिला हिंदी येत नाही असं गृहीत धरून खरा गोंधळ नजरेतून सुटतो. तुम्ही सोबत असाल तर पहिल्याच दिवशी सांगा की परीक्षा मराठीत घ्या, आणि तुम्ही समोर बसा. त्याचं नेहमीचं बोलणं तुम्हाला माहीत आहे, आम्हाला नाही.

बरा होणार का? मामा, याचं गुळमुळीत उत्तर देत नाही. आजार दिसेनासा होण्याची शक्यता चांगली आहे. तो कायम दिसेनासाच राहण्याची शक्यता त्याहून कमी. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत वर्षाच्या शेवटी, आजार न उलटता किंवा दुसरं काही वाईट न घडता राहिलेले साधारण निम्मे होते. उलटतो तो दोन वाटांनी. एक म्हणजे कार-टी पेशी अंगातून लवकर नाहीशा होतात. दुसरी म्हणजे कॅन्सर स्वतःच सीडी१९ टाकून देतो आणि कार-टीला दिसेनासा होतो. पहिली वाट ओळखता येते: रक्तात चांगल्या बी-पेशी परत दिसायला लागल्या की समजायचं पहारा उठला. पहिल्या सहा महिन्यांत असं झालं तर धोका जास्त, आणि तेव्हा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार करतात. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेला ट्रान्सप्लांट आणि कार-टी यांत एकच निवडायचं असं नाही. भाच्यासारख्या केसमध्ये आधी कार-टी, मग ट्रान्सप्लांट असंही पुष्कळदा करतात. त्यासाठी सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे कुणाची मज्जा जुळते ते बघणारी, आत्ताच करून ठेवा. पूर्ण जुळणारं कुणी नसलं तर आई किंवा वडील अर्धे जुळतातच, हल्ली तसाही ट्रान्सप्लांट होतो.

ब्लिनाटुमोमॅब नावाचं इंजेक्शन मध्ये कुणी सुचवलं तर तेही चांगलं औषध आहे, पण ते सीडी१९वरच काम करतं. ते घेतल्यावर कार-टीकडे जायचं असेल तर सीडी१९ अजून शाबूत आहे का, हे फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे पेशींवरची निशाणं बघणाऱ्या तपासणीत, पुन्हा बघून घ्यायला सांगा.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या उपचारांच्या माहितीपत्रकावर टी-पेशींचा नवा कॅन्सर होऊ शकतो असा इशारा घातला. तो फार विरळा आहे. उलटलेला ल्युकेमिया विरळा नाही. त्या इशाऱ्यापायी मागे हटू नका. आणि एक नाजूक विषय, जो कुणी काढत नाही म्हणून मी काढते: पोरगा १९ वर्षांचा आहे, पुढे लग्न, मुलं. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल ट्रान्सप्लांटच्या आधी विचारा. त्याच्या आईसमोर नाही, त्याला एकट्याला विचारू द्या.

पैसे. परदेशात पहिली कार-टी ४ लाख ७५ हजार डॉलरला आली होती. आपली आली तेव्हा चाळीस लाखांच्या आसपास होती, आणि हॉस्पिटलचा खर्च वेगळा. परदेशाच्या मानाने स्वस्त. कणकवलीच्या मानाने अजिबात नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कुटुंबामागे पाच लाखांचं कवच आहे, केमोला ते उपयोगी पडेल, याला पुरणार नाही. जीन थेरपीवरचा जीएसटी डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने माफ केला. बिलात तो लावलेला दिसला तर विचारा. मेडिक्लेम असेल तर आधुनिक उपचारांसाठी पॉलिसीत वेगळी मर्यादा घातलेली असू शकते, ती ओळ शोधून वाचा. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, सिद्धिविनायक न्यास हे प्रत्येकी थोडं थोडं देतात आणि प्रत्येकाला हॉस्पिटलचं खर्चाचं पत्र लागतं, म्हणून ते पत्र आधी घ्या आणि त्याच्या भरपूर प्रती काढा. गावच्या मुंबई मंडळालाही सांगा. चाकरमानी अशा वेळी उभे राहतात, हे मी पुष्कळदा बघितलंय.

पण कलमांची बाग गहाण टाकायच्या आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात बसा. आणि सुरू असलेल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कुणालाही बघता येते. चाचणीत भरती झालात तर तपासायच्या औषधाचे पैसे तुमच्याकडून मागत नाहीत. जो मागतो, किंवा जो ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणून ल्युकेमियापासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बरं करतो, त्याच्या दारात जाऊ नका. कार-टी आणि तसल्या जाहिरातींतल्या स्टेम सेल यांचा काही संबंध नाही.

गणपती. यंदाचा धरू नका. पेशी काढणं, बनणं, चढवणं, दोन आठवडे वॉर्ड, आणि त्यानंतर हॉस्पिटलजवळ मुक्काम. पेशी चढवल्यापासून महिनाभर तरी तासाभरात पोचता येईल एवढ्याच अंतरावर राहा. भर पावसात कणकवलीहून निघालेली गाडी महामार्गावर कुठे अडकेल याचा भरवसा नाही. खोली परवडत नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच आहे. खारघरकडच्या सोयी समाजसेवक सांगतील. सोबत कायम एक जण हवा, रात्रीसुद्धा. मोटारसायकल चालवायला आठ आठवडे बंदी असायची. अमेरिकेत २०२५ मध्ये ती दोन आठवड्यांवर आणली. मी अजून आठच सांगते, आणि बोटीवर जाणाऱ्यांना तर त्याहून जास्त.

गावी परतल्यावरचं खरं संकट म्हणजे आपला पाऊस. वर्षभर त्याची प्रतिकारशक्ती कमी राहील, पांढऱ्या पेशी एकदा वर येऊन महिन्याभराने पुन्हा घसरू शकतात. लावणीच्या चिखलात पाय घालायचा नाही. लेप्टो धडधाकट माणसाला जेरीस आणतो, याला तर सोडणार नाही. मच्छरदाणी रोज. कालवं, तिसऱ्या पूर्ण शिजवलेल्या असतील तरच. विहिरीचं पाणी उकळून. ताप १००.४ च्या वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन. सिंधुदुर्गात पावसाळ्यातला ताप म्हटला की डेंगी, मलेरिया, लेप्टो या तीन तपासण्या होतात. त्या करूच द्या, पण त्यांच्यापायी ब्लड कल्चर आणि अँटिबायोटिक थांबवायचं नाही. रक्त चढवायची वेळ आली तर ते इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरण दिलेलं हवं, तालुक्याला ती सोय सहसा नसते, म्हणून रक्तपेढीला आधीच विचारून ठेवा. हिपॅटायटिस बीची तपासणी सुरुवातीला झालीय का तेही बघा. बी-पेशी गेल्यावर अंगात जुना लपलेला हा व्हायरस उसळी घेऊ शकतो, आणि त्यावर गोळ्या आहेत.

आता पुढच्या ओपीडीला जाताना बरोबर काय न्यायचं. आजार उलटल्यावरचा मज्जेचा रिपोर्ट आणि त्यातलं सीडी१९चं पान. पहिल्यापासूनच्या केमोची यादी, तारखांसकट. गेल्या महिन्याभरातलं प्रत्येक इंजेक्शन, गावच्या दवाखान्यातलं धरून. परवाच्या सीबीसीमध्ये लिम्फोसाइट (टी-पेशी यांच्यातल्याच) किती ते पेनने गोल करून ठेवा, पेशी काढता येतील का याचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो. कणकवलीहून कोकणकन्या धरलीत तर पहाटे पनवेलला उतराल, तिथून खारघर जवळ. त्याला गर्दीच्या डब्यात नेऊ नका. नुसती फाइल घेऊन तुम्ही एकटे गेलात तरी पहिल्या भेटीला चालतं, आधी फोन करून विचारा.